वाटाड्या

माणसाने अधूनमधून दुसऱ्याच्या मागून चालावे, असे माझे अलीकडे मत होत चालले आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या कानी हे गेले तर ते खचित हसतील. ज्याचा धंदाच पुढे उभे राहून बोलण्याचा, त्याने मागून चालण्याचे माहात्म्य वर्णावे ही गंमतच म्हणावयाची! गेली तीस वर्षे मी वर्गात शिरलो की साठसत्तर माना माझ्याकडे वळतात. मी बोलू लागलो की लेखण्या चालू लागतात आणि मी थांबलो की त्याही थांबतात. अशा माणसाची हळूहळू समजूत होऊन बसते की, वाट म्हणून जी काही असते ती आपल्याच पावलापासून सुरू होते. घरीही तोच प्रकार. बाजारात, लग्नकार्यात, यात्रेत मी आपला चार पावले पुढे. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालतानाही मला पुढच्या माणसाला ओलांडण्याची घाई असते, असे माझी पत्नी म्हणते. आणि तिचे म्हणणे खोडून काढावयाला मला अद्याप पुरावा सापडलेला नाही.

आपल्या भाषेने वाटेचे फार लाड केले आहेत. आपण वाट पाहतो, वाट दाखवितो, नको त्याच्या वाटेस जातो आणि प्रसंगी एखाद्याची वाट लावतोही. वाट मारणारा तो वाटमाऱ्या आणि वाट दाखविणारा तो वाटाड्या. यांपैकी पहिल्याला वाल्या कोळ्याच्या कथेमुळे निदान अमरत्व तरी लाभले. दुसऱ्याचे नाव सहसा कोणाच्या स्मरणातही राहत नाही. वनवासात रामचंद्रांना चित्रकूटाची वाट भरद्वाजांनी दाखविली व पंचवटीची अगस्त्यांनी, हे आपण विसरत नाही. कारण ते ऋषी होते. पण गंगा उतरताना ज्यांनी नाव वल्हविली, त्यांतील गुहाखेरीज किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? इटलीचा महाकवी दान्ते याचे काव्यही अरण्यात वाट चुकण्यापासूनच सुरू होते, आणि त्याला तेथून बाहेर काढण्यासाठी व्हर्जिलसारखा महाकवी वाटाड्या होऊन येतो. हे काव्य मी इंग्रजी भाषांतरातून किती तरी वेळा वाचले आहे. परंतु वाटाड्या म्हणजे काय, हे मला कळले ते मात्र गेल्या फाल्गुनात, दाजीपूरच्या रानात.

कोल्हापूरहून फोंडा घाटाच्या रस्त्याला लागले की सुमारे ऐंशी किलोमीटरवर दाजीपूर आहे. उसाचे मळे हळूहळू मागे पडतात, भातखाचरे लागतात, राधानगरीच्या धरणाचे पाणी काही काळ सोबत करते, आणि मग एकाएकी दोन्ही अंगांनी रान जवळ येते. पावसाळ्यात हे अभयारण्य बंद असते. एरवीही परवाना काढून व गावातील वाटाड्या बरोबर घेऊनच आत जावयाचे. आम्ही दोघे होतो. मी, आणि आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ साठीच्या घरातले होते. अंगात खाकी सदरा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, पाठीला पाण्याची बाटली. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो आणि त्यांनी आम्हा दोघांनाही 'सर' करून टाकले. निघताना त्यांनी एकच सूचना दिली.

"म्होरं जायाचं न्हाई माझ्या. बोलायचं असलं तर हळू बोला."

असल्या स्पष्ट शब्दांत सूचना देणारा माणूस मला शाळा सोडल्यापासून भेटला नव्हता.

वर्षावन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ब्राझीलची नाही तर आफ्रिकेची अरण्ये उभी राहतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील हे रान त्यांच्याच कुळातले. गरीब, पण मानी. तिकडे बारा महिने पाऊस. इकडे चार महिन्यांत काय ते पदरात पाडून घ्यावयाचे आणि उरलेले आठ महिने त्या शिदोरीवर काढावयाचे. कोल्हापुरात वर्षाकाठी जेमतेम चाळीस इंच पाऊस पडतो; घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. म्हणून येथील झाडे आभाळाला भिडत नाहीत. ती मध्यम उंचीची, जाड व चिवट पानांची, आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असल्यासारखी दाट असतात. बाहेर रस्त्यावर फाल्गुनाचे ऊन चटके देत होते आणि आत पाऊल टाकताच डोळ्यांना अंधारी आली. पायांखाली पाचोळ्याचा जाड थर. मामांनी वरची पाने बाजूला करून खालची मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. ती ओली होती. पाऊस थांबून चार महिने झाले होते!

"ह्येच पाणी," मामा म्हणाले, "हितनं झिरपतंय, वढ्याला जातंय, वढा नदीला. तुमी खाली पिताय त्ये ह्येच."

भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य मी वाचले होते. पण पुस्तकातले पाणी तळहाताला गार लागत नाही.

पुढे दोन तास माझ्या दोन्ही बाजूंनी मोठा मौजेचा संवाद चालला होता. अंजनीच्या झाडाला निळाजांभळा बहर आला होता. पाने दिसू नयेत इतकी फुले अगदी फांद्यांना बिलगून उमललेली. आमचे प्राध्यापक 'मेमेसिलॉन' म्हणाले, मामा म्हणाले, "अंजन." थोडे पुढे गेल्यावर प्राध्यापकांनी 'ॲक्टिनोडॅफ्ने' असा मंत्र उच्चारला, मामा म्हणाले, "पिसा. पान उलटं करून बगा." पान उलटे केले तर खालून रुपेरी! जांभूळ, हिरडा, कुंभा, ऐन, झाडाझाडांवरून झुले टाकीत गेलेला गारंबीचा वेल आणि हातभराहून लांब अशा त्याच्या शेंगा, साऱ्यांची अशीच दुहेरी ओळख होत होती. एक जण झाडाचे गोत्र सांगे, दुसरा स्वभाव. या झाडावर शेकरू घरटे बांधते, त्या बुंध्याला गवा अंग घासतो, ही कारवी सातआठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मामांच्या लग्नाच्या साली ती फुलली होती! मुलीचे स्थळ पाहावयाला गेलेल्या मंडळींना गोत्र आणि स्वभाव दोन्ही विचारावे लागतात. रानाचेही तसेच असावे.

एका वळणावर मामांनी नुसता हात वर केला. आम्ही जागच्या जागी थांबलो. मला काहीच दिसले नाही, काही ऐकूही आले नाही. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग समोरच्या काळोखाचा एक तुकडा हलला आणि तो गवा झाला. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढविल्यासारखे पाय, खांद्यावर उंचवटा, आणि एका टनाच्या घरात जाणारा तो देह एवढा नि:शब्दपणे चालत होता की, माझ्या श्वासाचीच मला लाज वाटू लागली. त्याच्यामागून आणखी तीन गेले. मामांनी आम्हांला सरळ वाट सोडून मोठा वळसा घालावयाला लावला. "त्येंची पाण्यावर जायची येळ हाय," एवढेच त्यांनी कारण दिले. माणसांनी गुरांना वाट द्यावयाची, हा शिष्टाचार शहरात आम्हांला म्हशी शिकवितातच. पण तेथे आम्ही तो चडफडत पाळतो.

दुपार चढत आली तेव्हा एका ओढ्याशी आम्ही पोहोचलो. वरच्या कातळावरून पाणी उतरून खाली लहानसा डोह झाला होता. तळाचे गोटे मोजता यावेत इतके ते नितळ होते. आमच्या प्राध्यापकांनी बूट सोडले, मी सदऱ्याची वरची गुंडी काढली. पोहणे हा माझा लहानपणापासूनचा षोक. एवढ्यात मामा शांतपणे म्हणाले, "न्हाई सर. हितं न्हाई."

"का हो मामा? खोल आहे का?"

"खोल बी न्हाई, भ्या बी न्हाई. ह्ये पाणी जनावरांचं हाय. आपला वास ऱ्हातोय. रातच्याला ती येत्यात, वास घेत्यात आन् तशीच माघारी जात्यात. आपल्याला नदी हाय की खाली."

मी गुंडी पुन्हा लावली. आयुष्यात मी पुष्कळ नकार ऐकले आहेत. संपादकांचे ऐकले, कचेऱ्यांच्या खिडक्यांतून ऐकले, आणि स्वत:ही परीक्षागृहात हिंडताना किती तरी उच्चारले. त्या बहुतेकांत नकार देणाराचा अधिकार तेवढा ऐकू येई. मामांच्या नकारात मामा कोठेच नव्हते. रात्री तहानेने येणारे, आणि आम्हांला कधीही न दिसणारे एखादे जनावर तेवढे होते. वाटाड्याला वाटा ठाऊक असतात, हे कोणीही सांगेल. कोणत्या वाटेने जावयाचे नाही, हे त्याला ठाऊक असते, आणि त्याचे खरे ज्ञान तेच.

त्याच दिवशी या ज्ञानाचा आणखी एक धडा मिळावयाचा होता. परतताना रानाबाहेर, गावाच्या अंगाला, झाडांचा एक गर्द पुंजका लागला. त्याच्या कडेशी थांबून मामा म्हणाले, "पायताण काढा." ती देवराई होती. आत एक शेंदूर लावलेला दगड, काही मातीचे दिवे, आणि कवेत न मावणारे बुंधे. देवराईतली वाळलेली काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या नजरेस आणून दिले. भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी या चिमुकल्या रायांतून जुने अरण्य जिवंत राहिलेले त्यांना आढळले. त्या अरण्याला ना कुंपण होते ना पहारा. 'येथले काही न्यावयाचे नाही' एवढे एकच वाक्य पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी चालत आले आणि त्याने ते राखले.

पाहू गेल्यास दाजीपूरच्या साऱ्या रानाचा इतिहास हा नकारांचाच इतिहास आहे. एके काळी हे कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. राजाची शिकार म्हणून इतरांना तेथे बंदी. आणि ज्या गव्यांवर राजाची बंदूक रोखली जावयाची, तेच त्या बंदीमुळे तगून राहिले, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी हे अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य. १९८५ मध्ये त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरांवर गेला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कास, कोयना व चांदोली यांच्याबरोबर राधानगरीचाही समावेश आहे. असा हा मोठा मान.

पण प्रत्येक नकार कोणाच्या तरी पदरात पडतो, हेही मला मामांकडूनच कळले. देवराईच्या कडेला पायताणे घालता घालता त्यांनी सहज सांगितले की, त्यांचे वडील याच रानात म्हशी राखीत. चराईला बंदी झाली तेव्हा म्हशी विकाव्या लागल्या.

"बा लई चिडला हुता. मरस्तवर म्हनायचा, माझ्या रानातनं मला भाइर काढलं."

"आणि तुम्ही, मामा?"

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हशी ऱ्हायल्या असत्या तर रान ऱ्हायलं नसतं. पर बा चं बी खोटं न्हवतं."

या उत्तराला मी किती गुण दिले असते, याचा मी परतीच्या वाटेवर विचार करीत होतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत असे म्हणून त्यांतली एक स्वत:च्या घराला महाग पडली हे सोसणे, एवढी समज आमच्या पदवीपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून क्वचितच आढळते. मामांचा मुलगा पुण्याला कारखान्यात आहे. त्याला झाडे ओळखता येत नाहीत. "तुमच्यामागे वाट कोण दाखविणार?" असे मी विचारले, तेव्हा मामा हसून म्हणाले, "पाट्या हायत की." पाट्या आहेत खऱ्या. पण पाटी कोठे जावयाचे ते सांगते. 'आत जाण्यास मनाई आहे' असेही सांगते, आणि माणूस तिच्याशेजारी उभा राहून छायाचित्र काढून आत जातो. रात्री कोण पाण्यावर येते ते पाटीला ठाऊक नसते.

मामांनी कबूल केलेली नदी आम्हांला दिवस कलताना भेटली. राधानगरीच्या खाली, भोगावतीच्या काठी त्यांच्या नात्यातल्या एकाचे गाव होते. तेथवर ते आमच्याबरोबर आले. वरचे धरण शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास हाती घेतले व स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. गावाला त्यांनी राधानगरी हे नाव दिले ते आपल्या कन्येवरून. त्या धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांशी प्रत्येक कोल्हापूरकराचे पावसाळ्यात नाते जडते. श्रावणात आमच्याकडे पाहुणा आला तर चहाआधी प्रश्न येतो, 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले?' २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची खूण केव्हाच मागे टाकली आणि ती ५५ फुटांपर्यंत चढली, तेव्हा तो प्रश्न विचारताना लोकांचे ओठ सुकत होते. फाल्गुनातली भोगावती मात्र एखाद्या पोक्त सुनेसारखी खाली पाहून चालली होती.

काठावर येताच मामा मागे सरले. "हितलं मला काय कळत न्हाई," ते म्हणाले. "मला पवाय येत न्हाई." आणि त्यांनी म्हशी धूत असलेल्या एका दहाबारा वर्षांच्या पोराला हाक मारली. दान्तेचा व्हर्जिलही एका नदीच्या काठापर्यंतच सोबत करतो. पुढे वाट दाखवावयाला दुसरे कोणी येते. आमचा दुसरा वाटाड्या म्हशीच्या पाठीवरून उडी मारून आला. त्याने माझे पिकले केस, माझा चष्मा व माझे पोट यांचे क्रमाने निरीक्षण केले आणि सांगितले, "काका, त्या काळ्या दगडाच्या पल्याड जायाचं न्हाई. तितं भवरा हाय. आन् पाणी वाडाय लागलं की मी वरडीन, लगीच भाइर यायचं." मी होय म्हटले. सबंध दिवस 'होय' म्हणण्यात गेल्यामुळे तो शब्द आता माझ्या तोंडी चांगला रुळला होता.

पाण्यात पाय टाकला आणि पोटऱ्यांपर्यंत शहारा आला. दुसऱ्या क्षणी मी झोकून दिले. वाहत्या पाण्यात पोहणे आणि तलावात पोहणे यांत, माणसाशी बोलणे आणि भिंतीशी बोलणे यांच्याएवढे अंतर आहे. नदी सारखी काही तरी सुचवीत असते. येथे जरा कललास तर बरे, येथे जोर लावू नकोस. खांदे कुरकुरले, मग गप्प झाले. बोटांना लहान मासे टोचून जात होते. वरच्या बाजूला बायका धुणी आपटीत होत्या, त्याचा आवाज पाण्याखालूनही ऐकू येई. मी उताणा पडून आभाळ पाहू लागलो. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून मला विहिरीत ढकलणारे माझे काका आठवले, आणि पुढे तो बिंडा सुटल्यावर पंचगंगेच्या घाटावर घालविलेल्या उन्हाळ्याच्या सकाळी आठवल्या. काळ्या दगडाशी आलो की मी परतत होतो. पोरगा काठावर उभा राहून लक्ष ठेवून होता, आणि खरे सांगावयाचे तर, कोणी आपल्यावर असे लक्ष ठेवून आहे या जाणिवेत मोठा विसावा होता.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून आमची पंचगंगा होते. ज्या पाण्यात मी पोहत होतो तेच पाणी पुढे चिखलीच्या प्रयागाला जाऊन कोल्हापूरच्या घाटाला लागते. रानातल्या पाचोळ्याखालून निघालेले, मामांनी जनावरांसाठी राखलेले, त्या पोराने ओळखलेले ते पाणी शहराशी पोहोचल्यावर त्याच्यात गटारे मिळतात, कारखाने मिळतात, आणि त्याला 'येथे नाही' असे म्हणणारा कोणी भेटत नाही. घाटावर पहाटे पोहणारी काही निष्ठावंत मंडळी अजून आहेत. मी मात्र कित्येक वर्षांत तेथे पाण्यात उतरलेलो नाही. लहानपणी जी नदी मला घरापासून दहा मिनिटांवर होती, तिच्यात पोहण्यासाठी पन्नासपंचावन्न किलोमीटर वर जावे लागावे, हे अंतर कोणत्याही नकाशावर दाखविलेले नाही.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला पोहावयाला शिकवावयाचे घरात घाटते आहे. तलावाची वर्गणी, टोपी, डोळ्यांवरचा चष्मा अशी यादीही झाली आहे. परवा त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही नदीत शिकलात, मग मी का नाही?" मी म्हटले, "तेथे नाही." तोच शब्द, तितकाच शांत आवाज; पण उच्चारताच मला मामा आठवले आणि पुढे बोलवेना. त्यांनी नाही म्हटले ते एक पाणी राखावयाचे होते म्हणून. मी म्हणालो ते एक पाणी गेले म्हणून.

येत्या मे महिन्यात त्याला घेऊन मी भोगावतीच्या काठी जाणार आहे. पांगाऱ्याचा बिंडा कोठे मिळतो का याची चौकशी चालू आहे. हातपाय कसे मारावयाचे ते मी त्याला शिकवीन. कोठवर जावयाचे ते मात्र तो म्हशींमागचा पोरगा सांगेल, आणि आम्ही दोघेही ऐकू.